भाऊबंदकीचा शनिवार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून हे सदर त्या विषयालाच दिले आहे. सोलापुरातील मुलेमुली शिकण्यासाठी अमेरिकेत जाऊ लागल्यापासून तिथल्या कॉलेज फुटबॉलची ओळख इथल्या घरांना रात्रीच्या फोनवरून होऊ लागली आहे, असे या पत्रांवरून दिसते.

प्रश्न : माझी मुलगी ओहायो राज्यात कोलंबस येथे एम. एस. करीत आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिने फोनवर सांगितले, की विद्यापीठाच्या आवारातील पाट्यांवर जिथे जिथे ‘एम’ हे अक्षर आहे तिथे त्यावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली आहे, कारण शनिवारी मिशिगनशी फुटबॉलचा सामना आहे. तिच्या खोलीतील मैत्रीण अलाबामाची आहे आणि ती म्हणते, याहून मोठे वैर आमच्याकडे आहे. सर्वांत मोठे वैर कोणते, हे चाहते कशावरून ठरवतात?
— एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : फुल्यांची गोष्ट खरी आहे. मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात दरवर्षी ती प्रथा पाळली जाते, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या चिकटपट्टीतच आहे. सामना साडेतीन तासांत संपतो. पण त्याच्या नावाने एक अक्षर आठवडाभर वाळीत टाकले जाते, आणि परदेशातून नुकतीच आलेली, या खेळाचे नियमही न कळणारी मुलगी त्या आठवड्यात आईला फोन करून आधी तेच सांगते.

खेळाविषयी थोडक्यात सांगतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नाही. चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकता आले नाही तर चेंडू समोरच्याच्या ताब्यात जातो. शंभर यार्डांचे मैदान असे हातहात लढवत जायचे असते. खेळणारी मुले विद्यार्थी असली तरी मिशिगनच्या मैदानाची आसनक्षमता १,०७,६०१ आहे आणि कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचीही एक लाखाच्या वर आहे. मात्र प्रेक्षकांच्या संख्येपेक्षा मला दुसरी एक संख्या महत्त्वाची वाटते. एका हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला नियमित सामने अवघे बारा येतात, आणि त्यांतला वैऱ्याशी होणारा सामना एकच. आपल्याकडे क्रिकेटमध्ये आज हरले तर परवा पुन्हा संधी असते. तिथे उट्टे काढण्यासाठी पुढच्या वर्षीच्या त्याच शनिवारची वाट पाहावी लागते, आणि तोवर वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

मिशिगन आणि ओहायो यांचे वैर सोलापूरकराला समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत, कारण त्याचे मूळ सीमावादात आहे. १८३५–३६ मध्ये टोलेडो या गावाभोवतीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून ओहायो राज्याने आणि त्या वेळी राज्याचा दर्जाही न मिळालेल्या मिशिगन प्रदेशाने आपापली शिबंदी सीमेवर नेऊन उभी केली होती. सुदैवाने लढाई झाली नाही. टोलेडो ओहायोकडे गेले, मिशिगनला त्या बदल्यात उत्तरेकडील द्वीपकल्पाचा मोठा भाग आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. दोन्ही विद्यापीठांतला पहिला सामना त्यानंतर साठ वर्षांनी, १८९७ मध्ये झाला आणि मिशिगनने तो ३४–० असा जिंकला. अक्कलकोट ओलांडून पुढे गेले की पाट्यांची लिपी बदलते, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे, त्यांना नकाशावरची रेघ माणसांच्या बोलण्यात किती खोल उतरते हे वेगळे सांगायला नको.

या वैराला खरी धार आली ती १९६९ ते १९७८ या दहा वर्षांत, आणि ती गुरू-शिष्यांमुळे आली. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज यांच्या हाताखाली खेळलेले आणि पुढे त्यांचेच सहायक झालेले बो शेमबेक्लर १९६९ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक झाले, आणि पहिल्याच वर्षी त्यांनी देशात अव्वल असलेल्या गुरूच्या संघाला २४–१२ असे हरवले. दहा वर्षांचा हिशेब मिशिगनचे पाच विजय, ओहायोचे चार आणि एक बरोबरी असा झाला. इतका तोलाचा हिशेब क्वचितच लागतो, आणि वैर टिकायला हा तोल लागतोच. एकच बाजू सतत जिंकू लागली तर दुसरी बाजू काही वर्षांनी रागावणेही सोडून देते. २००६ मध्ये हे दोन संघ देशात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर असताना समोरासमोर आले, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, शेमबेक्लर यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी कोलंबसच्या मैदानात, म्हणजे वैऱ्याच्या घरी, एक लाखाहून अधिक माणसांनी त्यांच्यासाठी शांतता पाळली. नंतर ओहायोने सामना ४२–३९ असा जिंकला.

इतके सगळे सांगूनही माझा कौल आपल्या मुलीच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. मिशिगन आणि ओहायो यांचा सीमावाद आहे, तर अलाबामा आणि ऑबर्न या विद्यापीठांची भाऊबंदकी आहे, आणि भाऊबंदकी अधिक जाळते. सीमावादात हरलेला माणूस संध्याकाळी सीमा ओलांडून आपल्या माणसांत परततो. भाऊबंदकीत हरलेल्याला ज्याने हरवले त्याच्याच ओसरीवर बसून चहा घ्यावा लागतो. अलाबामा विद्यापीठ टस्कलूसा येथे आणि दुसरे विद्यापीठ ऑबर्न येथे, दोन्ही एकाच राज्यात. अंतर सोलापूर ते पुणे इतकेच. त्या राज्यात एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल), एनबीए (व्यावसायिक बास्केटबॉल) किंवा बेसबॉलच्या मोठ्या लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे खेळाविषयीची सगळी माया आणि सगळा राग या दोन विद्यापीठांतच वाटला जातो. बँकेतला रोखपाल एका बाजूचा तर शिपाई दुसऱ्या, नवरा एका बाजूचा तर बायको दुसऱ्या. अलाबामाचे ‘रोल टाइड’ म्हणतात, ऑबर्नचे ‘वॉर ईगल’, आणि आपण ‘राम राम’ म्हणावे तसे हे शब्द दुकानात, रस्त्यात, दवाखान्यातही उच्चारले जातात.

या सामन्याला ‘आयर्न बोल’ म्हणतात. तो अनेक दशके ज्या बर्मिंगहॅम शहरात खेळला गेला, ते शहर लोखंड आणि पोलादाच्या कारखान्यांवर उभे राहिले, जसे आपले सोलापूर सूतगिरण्यांच्या भोंग्यांवर जागे होत वाढले. पहिला सामना १८९३ चा. पण माझ्या दृष्टीने या वैराचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे न झालेले सामने. १९०७ च्या बरोबरीनंतर खेळाडूंचा दैनिक भत्ता किती, प्रत्येकाने किती खेळाडू आणायचे आणि पंच कोठून बोलवायचे, अशा बाबींवरून बोलणी फिसकटली आणि दोन्ही विद्यापीठांनी एकमेकांशी खेळणेच सोडले. हा अबोला ४१ वर्षे टिकला. बांधावरच्या वितभर जमिनीवरून बोलणे तुटलेली दोन घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील; मूळ कारण किती क्षुल्लक होते हे दोघांनाही ठाऊक असते, आणि त्यामुळेच पहिले पाऊल कोणी टाकायचे हे ठरत नाही. अखेर विधिमंडळात ठराव आल्यावर १९४८ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी सकाळी दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खड्डा खणून, वैर मिटल्याची खूण म्हणून, खरोखरीची कुऱ्हाड पुरली, आणि दुपारी अलाबामाने ऑबर्नला ५५–० असे धुऊन काढले.

आता ३० नोव्हेंबर २०१३ चा शेवटचा एक सेकंद जवळून पाहू. अलाबामा त्या वेळी सलग दोन वर्षांचे राष्ट्रीय विजेते आणि पहिल्या क्रमांकावर होते. ऑबर्न आदल्या वर्षी त्यांच्याकडूनच ४९–० असे हरलेले. सामना ऑबर्नच्या मैदानात, गुणफलक २८–२८. घड्याळ संपले होते. परंतु पंचांनी चित्रफीत पाहून एक सेकंद परत दिला, आणि तो अलाबामाच्या प्रशिक्षकांनीच मागून घेतला होता. त्या सेकंदात त्यांनी ५७ यार्डांवरून खांबांमधून चेंडू मारण्याचा प्रयत्न केला. चेंडू कमी पडला. खांबांखाली ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस उभा होता. त्याने चेंडू झेलला आणि तो पळत सुटला. अलाबामाचे मैदानात असलेले बहुतेक खेळाडू चेंडू मारणाऱ्याचे रक्षण करण्यासाठी उतरवलेले अंगापिंडाने आडवे गडी होते, धावणाऱ्याला गाठणारे नव्हते. तो डाव्या कडेने सीमारेषेला जवळजवळ घासत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. ३४–२८. प्रेक्षक मैदानात उतरले आणि हिरवळ दिसेनाशी झाली. अलाबामाच्या चाहत्याला त्या एका सेकंदाचे दुःख मी समजू शकतो, कारण तो सेकंद कोणी हिसकावलेला नव्हता, हट्टाने मागून आणलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेजाऱ्याने फाटकाशी उभे राहून त्याला तेच ऐकवले असणार.

आपल्या मुलीला मात्र कोलंबसमध्ये हा कौल मोठ्याने सांगू नकोस, असे जरूर कळवावे.

प्रश्न : २०२४ पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी बारा संघांची प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, सुरू झाली आहे आणि दूरचित्रवाणीच्या पैशांसाठी विद्यापीठे आपसांत सामने खेळणाऱ्या संघांचा आपला गट सोडून दुसऱ्या गटात जात आहेत. एक सामना हरूनही विजेतेपद मिळू शकत असेल, तर जुन्या वैराला काय अर्थ उरतो?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, होटगी रस्ता

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर त्याच २०२४ च्या हंगामाने दिले. त्या वर्षी मिशिगनचा संघ साधारणच होता. तरीही त्याने कोलंबसमध्ये जाऊन ओहायो स्टेटला १३–१० असे हरवले. ओहायोचा मिशिगनकडून तो सलग चौथा पराभव होता. पुढे ओहायो प्लेऑफमध्ये गेले, एकामागून एक सामने जिंकले आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेते झाले. हिशेबाने पाहिले तर नोव्हेंबरची जखम जानेवारीत भरून निघायला हवी होती. तशी ती भरली नाही, असे माझे मत आहे. विजेतेपदाचा चषक कपाटात गेला, आणि मिशिगनचा चाहता भेटला की तो चषकाविषयी अवाक्षर न काढता ‘तेरा-दहा’ एवढेच म्हणत राहिला. विजेतेपद देशासमोर मिरवता येते, पण वैऱ्याकडून झालेला पराभव तोंडावर ऐकवणारा माणूस रोजच्या ओळखीचा असतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे आणि तिथे मला खरोखर काळजी वाटते. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हे एकाच राज्यातील दोन संघ शंभर वर्षांहून अधिक काळ खेळत आले होते. ओक्लाहोमाने गट बदलल्यामुळे २०२३ च्या सामन्यानंतर ती मालिका खंडित झाली. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामना २०११ नंतर याच कारणाने थांबला आणि दोघे पुन्हा एका गटात आल्यावर २०२४ मध्ये परत सुरू झाला, म्हणजे मधली बारा वर्षे रिकामी गेली. त्या बारा वर्षांत जी मुले पाचवीतून महाविद्यालयात गेली, त्यांच्या वाट्याला वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीच आल्या. अलाबामाचा ४१ वर्षांचा अबोला निदान रागातून आलेला होता. वैर रागाने मोडले तर ते पुन्हा जुळते. प्रक्षेपणाच्या करारासाठी मोडलेले वैर जुळवायला कोणाला घाई नसते, आणि हे नुकसान चाहत्यांनी मुकाट्याने सोसू नये असे मला वाटते.

प्रश्न : माझे माहेर कोल्हापूर. तिथे शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असला की आमच्या घरी स्वयंपाकघरातही दोन तट पडत. अमेरिकेतील या कॉलेजांच्या वैरात त्याहून वेगळे असे काय आहे?
— एक गृहिणी, बाळे

उत्तर : वेगळे फार थोडे आहे, आणि आपल्याला ते सर्वांत लवकर कळेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांपैकी आपण कोणाच्या, हे कोल्हापुरात माणूस स्वतः निवडत नाही. ज्या पेठेत पाळणा हलला तिथली तालीम त्याची. नाव कॉलेजचे असल्यामुळे अमेरिकेतील बाजू प्रवेश घेताना ठरत असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अलाबामातील असंख्य चाहत्यांनी दोहोंपैकी एकाही विद्यापीठाची पायरी चढलेली नसते. आजोबा ज्या बाजूचे त्याच बाजूचे नातू, आणि बाहेरून राहायला आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यातच विचारले जाते, की तुम्ही कोणाचे. शिक्षण हा तिथे निमित्ताचा भाग आहे. वारसा हा खरा.

आपल्या सोलापुरातही हे पाहायला मिळते, फक्त फुटबॉलच्या जागी लेझीम असते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीचे मंडळ आणि पलीकडच्या गल्लीचे मंडळ एका चौकात समोरासमोर आले, की हलगीवाला आपोआप लय वाढवी. माझे वडील एका मंडळात आणि सख्खे काका लग्नानंतर घर बदलल्यामुळे दुसऱ्या. चौकात दोघेही एकमेकांकडे पाहत नसत; नजर समोरच्याच्या पायांवर, पावली कुठे चुकते ते टिपायला. रात्री घरी आल्यावर आजी दोघांच्या ताटांत कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढी आणि एकच नियम सांगे, की जेवण होईपर्यंत लेझीमचे नाव काढायचे नाही. नियम मोडला जाई तो वडिलांकडूनच. वडील गेले त्या वर्षी काकांनी मिरवणुकीत त्यांच्या मंडळापुढे उभे राहून पहिला डाव पूर्ण पाहिला, मगच ते आपल्या मंडळाकडे वळले.

कोल्हापूरशी असलेला एक फरक मात्र सांगायला हवा. शाहू स्टेडियमवर एकाच हंगामात वेगवेगळ्या स्पर्धांमधून तेच दोन संघ पुन्हा पुन्हा भिडू शकतात. वर्षातून एकदाच मिळणाऱ्या त्या शनिवारची तहान तिथे तितकी साठत नाही.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यानंतर आमच्या मुलांची दोनदा हाणामारी झाली आणि आता प्राचार्य म्हणतात, की त्या महाविद्यालयाशी खेळणेच बंद करू. अमेरिकेत हे कसे आवरतात?
— एक शिक्षक, विजापूर रस्ता

उत्तर : तिथेही नेहमी आवरता येते असे नाही. वर उल्लेख केलेल्या २०२४ च्या सामन्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी ओहायोच्या मैदानाच्या मध्यभागी आपला ध्वज रोवण्याचा प्रयत्न केला, धक्काबुक्की झाली, पोलिसांना तिखट फवारा वापरावा लागला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. याहून वाईट प्रकार २०१० चा. ऑबर्न गावात विजयानंतर टूमर्स कॉर्नर या चौकातील जुन्या ओक वृक्षांवर कागदाच्या पट्ट्या उधळायची प्रथा आहे. अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतले आणि रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून ते स्वतः सांगितले. झाडे वाचली नाहीत, २०१३ मध्ये ती तोडावी लागली. पण झाडांवर उपचार चालू असताना त्यासाठी पैसे गोळा करणाऱ्यांत अलाबामाचेच चाहते होते, हेही आपल्या मुलांना सांगावे. तसेच टेक्सास ए अँड एममध्ये १९९९ साली सामन्यापूर्वीच्या होळीसाठी रचलेला लाकडांचा प्रचंड ढीग कोसळून बारा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पुढच्या आठवड्यातील सामन्यात प्रतिस्पर्धी टेक्सासच्या वाद्यवृंदाने मध्यंतरात शोकगीते वाजवून टोप्या उतरवल्या होत्या.

सामना बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ४१ वर्षे न खेळल्याने अलाबामा आणि ऑबर्न यांच्यातला राग तसूभरही कमी झाला नाही. त्याऐवजी अमेरिकेच्या लष्कर आणि नौदल यांच्या प्रबोधिनींकडे पाहावे. त्यांचा पहिला सामना १८९० मध्ये झाला आणि नौदलाने तो २४–० असा जिंकला. चुरस आजही कमालीची आहे. मात्र सामना संपल्याबरोबर दोन्ही संघ एकत्र चालत जातात आणि आधी हरलेल्या प्रबोधिनीच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून तिचे गीत पूर्ण होईपर्यंत थांबतात, मग सगळे मिळून जिंकलेल्यांच्या बाजूला जातात आणि त्यांचे गीत होते. म्हणून तिथले खेळाडू ‘आपल्याला जिंकायचे आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘आपल्याला नंतर गायचे आहे’ असे म्हणतात. आपल्या दोन्ही महाविद्यालयांना गीते असतील तर पुढच्या सामन्यात हे करून पाहता येईल. नसतील तर हरलेल्या संघासमोर दोन मिनिटे उभे राहणेही पुरेल.

हा सामना डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी असतो आणि सहसा तिथल्या दुपारी तीनला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड वाजतो. मुलांना जागवून दाखवणार असाल तर निकाल लागल्यावर लगेच दूरचित्रवाणी बंद करू नका. गीते सुरू होतात तेव्हा सोलापुरात पहाटेचे पाच वाजत आलेले असतात, आणि पाहण्यासारखे त्यानंतरच असते.